खोन: काव्यातला प्रसंग मुखवट्यांच्या रंगमंचावर कसा उतरतो? (‘नांग लोय’ धरून)

कळसूत्री:

थायलंडच्या खोन या मुखवट्यांच्या नृत्यनाट्याबद्दल जाणकारांना विचारायचं आहे. राजा राम दुसरा याच्या रामकियनमधला, म्हणजे थाई रामायणातला, ‘नांग लोय’, म्हणजे ‘तरंगती स्त्री’, हा भाग भाषांतरातून वाचला आणि मग त्याच प्रसंगाच्या खोन प्रयोगाचं चित्रीकरण पाहिलं.

ज्यांना कथा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. थोत्साकान (रावण) आपली पुतणी बेन्याकाय हिला सीतेचं रूप घेऊन, मेल्याचं सोंग करून रामाच्या छावणीजवळ नदीत तरंगायला पाठवतो. ही फिफेकची, म्हणजे बिभीषणाची मुलगी. पहाटे स्नानाला आलेला राम प्रेत पाहून कोसळतो आणि लंका जाळल्याबद्दल हनुमानावर संतापतो. हनुमानाला शंका येते, कारण प्रेत प्रवाहाच्या उलट दिशेने वर आलेलं आहे आणि कुजलेलंही नाही. तो चितेची परीक्षा मागतो. आग लागताच बेन्याकाय धुराबरोबर आकाशात पळते आणि हनुमान तिला धरून आणतो. वाल्मीकीत यातलं काहीच नाही.

मला पडलेले प्रश्न असे:

१. छापील काव्यातली पानंच्या पानं प्रयोगात नाहीत, आणि प्रयोगातला बराचसा मजकूर काव्यात नाही. हे कोण आणि कशाच्या आधारे ठरवतं?
२. रामाच्या स्नानासारख्या दोन ओळींच्या गोष्टीला इतका वेळ, आणि पकडापकडीत तर एकही शब्द नाही. असं का?
३. नट बोलतच नाहीत, तर संवाद लिहिताना काय सांभाळावं लागतं?
४. महाभारतातला एखादा प्रसंग या रीतीने बसवता येईल का?

आडपडदा:

पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो. संगीतावर इथे माझ्यापेक्षा जाणती माणसं आहेत.

खोनची संहिता करताना कथेत फेरफार फार कमी होतो. खरं काम वाटणीचं असतं. काव्यातली प्रत्येक ओळ चारपैकी एका ठिकाणी जाते: फाक (निवेदकाने ठरावीक सुरात म्हणायचं पठण), चेराचा (निवेदकाने पात्राच्या वतीने बोलायचा संवाद), गाणं, किंवा नाफात, म्हणजे शब्दच नसलेलं क्रियेचं संगीत. तुम्ही वाचलेलं राम दुसऱ्याचं काव्य मुळात खोनसाठी नाहीच. ते ‘लाखोन नाय’ या अंतःपुरातल्या स्त्रियांच्या नृत्यनाट्यासाठी लिहिलेलं आहे. त्यामुळे ते सगळं ‘क्लोन’ छंदात आणि गाण्यासाठीच आहे. फाक नाही, चेराचा नाही. खोनकार त्यातली काही कडवी गाण्यासाठी ठेवतो आणि उरलेल्या भागाचं फाक-चेराचा नव्याने लिहितो किंवा जुन्या परंपरेतून घेतो. ‘प्रयोगातलं काव्यात नाही’ असं जे तुम्हाला दिसलं ते बहुतेक हेच.

छंद वेगळे आहेत म्हणून नुसती उचलाउचल चालत नाही. फाक दोन वृत्तांत असतं. ‘यानी 11’ मध्ये एका ओळीत 5 + 6 अक्षरं, आणि ‘छाबांग 16’ मध्ये 6 + 4 + 6. चेराचा ‘राय याव’ या मोकळ्या रचनेत, जिथे एका ओळीच्या शेवटचा प्रास पुढच्या ओळीत मध्येच कुठेतरी पकडायचा असतो. ओळ किती लांब असावी याला बंधन नाही, म्हणून संवादाला ती सोयीची.

फाकचेही प्रकार ठरलेले आहेत आणि प्रवेशाचं स्वरूप पाहून तो निवडायचा. राजा दरबारात किंवा छावणीत बसलेला असेल तर ‘फाक मुआंग’, रथ आणि सैन्याचं वर्णन असेल तर ‘फाक रोत’, अरण्याची शोभा असेल तर ‘छोम दोंग’, विलाप असेल तर ‘फाक ओ’. याशिवाय वर्णनाचा आणि किरकोळ असे दोन आहेत. ‘नांग लोय’मध्ये लंकेचा दरबार उघडतो तेव्हा फाक मुआंग, आणि प्रेत सापडल्यावर फाक ओ. ही जागा चुकली, समजा विलापाला नुसतं वर्णनाचं फाक लावलं, तर शब्द बरोबर असूनही प्रसंग बसत नाही, कारण फाक ओ मध्ये कडव्याच्या शेवटी वाद्यं सूर उचलून घेतात आणि रामाला रडण्याचा अभिनय करायला तिथेच अवकाश मिळतो. प्रत्येक कडवं संपलं की ताफोन (दोन तोंडांचा ढोल) आणि मोठ्या ढोलाचे ठोके पडतात आणि मंडळी एका आवाजात ‘फेय’ म्हणतात, ते चित्रीकरणात ऐकलं असेलच.

आता काटछाट. सर्वांत जास्त चुका इथे होतात. क्लोन छंदात कडव्याच्या शेवटच्या शब्दाचा प्रास पुढच्या कडव्याच्या दुसऱ्या चरणाच्या शेवटाशी जुळलेला असतो. मधलं एक कडवं काढलं की साखळी तुटते, आणि थाई श्रोत्याच्या कानाला ते लगेच कळतं. उपाय दोनच. जिथे वाद्यसंगीत येऊन गाणं तसंही थांबतं तिथेच कापायचं, किंवा सांध्यावरचा एक चरण नव्याने लिहायचा. पहिला उपाय नेहमी बरा. राजाच्या लेखणीतल्या ओळीला हात लावताना माणसं कचरतात, आणि नव्या चरणाची भाषा जुन्याशेजारी उघडी पडते.

दुसरी अडचण बोलण्याच्या पायरीची. काव्यात कवी रामाबद्दल बोलतो ती राजदरबारी भाषा. तोच मजकूर रामाच्या तोंडी चेराचात घातला की सर्वनामं, क्रियापदं सगळं बदलतं. राम हनुमानाशी एका पायरीने बोलणार, हनुमान रामाशी वेगळ्या, आणि थोत्साकान पुतणीशी तिसऱ्याच.

तिसरी म्हणजे पाठांची सरमिसळ. 1767 मध्ये अयुथ्या ही जुनी थाई राजधानी पडली आणि जुन्या संहितांचा मोठा भाग गेला. राम पहिला याच्या काळात, 1797 मध्ये, कथा सलग लिहून झाली. राम दुसऱ्याचं काव्य त्याहून आटोपशीर. हनुमान सीतेला अंगठी देतो तिथून ते सुरू होतं, आणि प्रयोगाला सर्वांत सोपं पडतं. राम सहावा याने खोनसाठी स्वतंत्र संहिता लिहिल्या आणि त्या मुद्दाम वाल्मीकीच्या जवळ नेल्या. प्रसंगाची सुरुवात एका पाठातून आणि शेवट दुसऱ्यातून घेतला तर पात्रांची नावं, त्यांचे हेतू आणि भाषेचा पोत तिन्ही हलतात. एक पाठ पायाला धरावा. दुसऱ्यातून उसनं घ्यायचंच असेल तर पूर्ण प्रवेश घ्यावा, अर्धा नको.

मात्रा_सोळा:

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नाफातमध्ये आहे. येणं, जाणं, उडणं, झोपणं, रडणं, रूप पालटणं, सैन्य काढणं, या प्रत्येक क्रियेला ठरलेली रचना आहे. पीफात ताफा ती वाजवतो. त्यात रनात एक (आपल्या काष्ठतरंगासारखं), गोलाकार मांडलेल्या घंटांचं खोंग वोंग, पी हे फुंकवाद्य, ताफोन, क्लोंग थात नावाचे मोठे ढोल आणि छिंग ही टाळांची जोडी असते. संहिता लिहिणारा प्रवेशाच्या शेवटी नुसतं रचनेचं नाव टाकतो, आणि त्या एका शब्दाचं रंगमंचावर पाच मिनिटांचं नृत्य होऊ शकतं. म्हणून छापील पानं मोजून प्रयोगाच्या वेळेचा अंदाज कधीच बांधू नये.

‘नांग लोय’चा आराखडा साधारण असा:

थोत्साकानचा दरबार, आज्ञा. बेन्याकाय सीतेला पाहून घ्यायला बागेत जाते, तिचं रूप डोळ्यांत साठवते. रूप पालटताना ‘रुआ’ ही छोटी, जलद, ठरलेला ताल नसलेली रचना, किंवा प्रवेश मोठा करायचा असेल तर ‘त्रा निमित’. मग ‘छुय छाय’, म्हणजे नव्या रूपावर खूश होऊन नाचण्याची रचना. बदललेल्या रूपात बेन्याकाय थोत्साकानकडे परत जाते, तो तिला खरी सीता समजून लाडीगोडी करू लागतो, ती लाजून खरं सांगते. त्यानंतर ‘छेर्त’वर प्रवास आणि नदी. पहाट, राम स्नानाला निघतो, ‘लोंग सोंग’. प्रेत दिसतं, विलाप, ‘ओत’. हनुमानावर राग, हनुमानाचा युक्तिवाद, चिता. धूर, आणि ‘छेर्त नोक’.

स्नानाला वेळ का? ‘लोंग सोंग’मध्ये राजाचं स्नान आणि एकेक अलंकार चढवणं दाखवतात. कथेला त्याची गरज नाही, पण फ्रा म्हणजे नायकाच्या नर्तकाला आपलं सर्वांत शुद्ध काम दाखवायची ती जागा आहे. शिवाय पुढच्याच क्षणी त्याच पाण्यात प्रेत दिसणार आहे. स्नान कापलं तर विलाप एकदम अंगावर येतो आणि हलका पडतो. माझं मत स्पष्ट आहे: वेळ कमी असेल तर दरबार छोटा करा, स्नान नको.

पकडापकडीत शब्द नाहीत कारण ‘छेर्त नोक’ मुख्यतः पी आणि ढोलावर चालते आणि तिच्यात ‘झडप’ तीनदा येते. हनुमान गाठतो, बेन्याकाय निसटते, पुन्हा गाठतो. हनुमान मत्स्यकन्या सुफन्नामच्छाला पकडतो तिथेही हीच रचना. मधली एक झडप गाळून दोनवर आणलेले प्रयोग असतात, आणि ते फसतात. वादक तिसरीकडे चढत जाणारी लय बांधत असतो, ती मध्येच तुटते.

नाफात कापायची तर पूर्ण खंडावरच. छेर्त आणि त्रा यांचे खंड मोजलेले असतात. किती खंड वाजवायचे हे नर्तक आणि रनात एक वाजवणारा तालमीत ठरवून घेतात. नर्तक मध्येच थांबला तरी ताफा खंड पुरा केल्याशिवाय थांबत नाही, आणि मग नर्तक नुसता उभा दिसतो.

छुय छायबद्दल एक सूचना. गायक ओळ एकटा म्हणतो, साथीशिवाय. मग पी तीच ओळ शब्दांच्या चढउतारासकट वाजवून दाखवतं. पुढे ‘मे सी’ नावाचा जलद भाग येतो. वेळ वाचवण्यासाठी पीचं उत्तर गाळायचा मोह होतो. तसं करू नये. गायन चालू असताना नर्तकी शब्दांचा अर्थ हातांनी दाखवत असते. सीतेच्या रूपातली बेन्याकाय स्वतःवरच खूश आहे, हा भाव खुलायला पीच्या उत्तराएवढी मोकळी जागा दुसरी नाही.

आणि पायरी पाळा. सैन्य राक्षसांचं असेल तर ‘क्राव नाय’, राम आणि वानरांचं असेल तर ‘क्राव नोक’. साध्या पात्राला वरच्या दर्जाची नाफात लावली तर ती शोभत नाही, आणि काही रचना गुरूकडून रीतसर मिळाल्याशिवाय कुणी वाजवत किंवा नाचत नाही. ‘ओंग फ्रा फिराप’ ही त्यांतली सर्वांत वरची.

गोंदणी:

मुखवट्यांच्या बाजूने थोडी भर घालते, कारण संहितेवर त्यांचा दाब वाटतो त्यापेक्षा जास्त असतो.

आज खोनमध्ये सगळे मुखवटे घालत नाहीत. फ्रा (नायक, देव) आणि नांग (स्त्रिया) उघड्या चेहऱ्याने, डोक्यावर मुकुट घालून. मुखवटे याक (राक्षस), वानर, ऋषी आणि प्राणी यांना. उघड्या चेहऱ्याचे नटही बोलत नाहीत, निवेदकच बोलतो. चेहराही जवळजवळ स्थिर ठेवायचा. भाव मान, खांदा, हात आणि पावलातून.

याचा लिहिण्यावर परिणाम असा की प्रत्येक वाक्यांशाला हाताची खूण असते. ‘मी’, ‘तू’, ‘प्रेम’, ‘राग’, ‘मृत्यू’, ‘तिकडे’ वगैरे. एका ओळीत चार विशेषणं कोंबली तर नर्तकाचे हात धावू लागतात. चांगल्या चेराचात एका दमात एक कृती असते. निवेदकाला नर्तकाचे हात दिसायला हवेत, म्हणून त्याची बसण्याची जागा ठरवताना हे आधी पाहतात.

मुखवटा साच्यावर कागदाचे थर खळीने चिकटवून करतात. जुन्या पद्धतीत खोय झाडाच्या सालीचा कागद. वाळल्यावर मागून चिरून साच्यावरून काढतात, चीर शिवून टाकतात, मग राळेसारख्या काळ्या ‘राक’ने भुवया-ओठ उठावदार करतात, नक्षी बसवतात, सोन्याचा वर्ख, रंग, काचा. डोळ्यांची भोकं बारीक असतात, बाजूचं जवळजवळ काहीच दिसत नाही. म्हणून मुखवटेधारी नर्तक कानाने चालतो: छिंगचा ठोका आणि निवेदकाचा आवाज. कोलांट्या मारणाऱ्या वानरांच्या वाटेत चितेची लाकडं किंवा नदीची निळी कापडं ठेवणं धोक्याचं. ‘नांग लोय’मध्ये दोन्ही वस्तू येतात, तेव्हा त्यांच्या जागा पहिल्या तालमीपासून पक्क्या हव्यात.

मुखवट्याचा भाव बदलत नाही, म्हणून पात्राचा स्वभाव संहितेत आधीच ठरतो. राक्षसांचे डोळे दोन तऱ्हांचे, वटारलेले आणि मगरीसारखे झुकलेले. तोंडंही दोन, दात विचकलेलं आणि ओठ चावलेलं. थोत्साकानचे डोळे वटारलेले, दात विचकलेले, रंग हिरवा. प्रणयप्रसंगांसाठी त्याचा सोनेरी मुखवटाही असतो. राम हिरवा, लक्ष्मण पिवळा (हे दोघं पोशाखाने), हनुमान पांढरा, सुख्रीप (सुग्रीव) लाल, अंगद हिरवा, निलफात हा वानर काळा. एका प्रवेशात खूप हिरवी पात्रं आली की लांबून घोटाळा होतो, अशा वेळी मुकुटाच्या आकारावर आणि तोंडाच्या घडणीवर भिस्त. हनुमानाच्या कपड्यांवर केसांची वेटोळी भरतकामाने दाखवतात, ती दक्षिणावर्त.

बेन्याकाय राक्षसकुळातली असूनही नांग म्हणूनच नाचते, मुखवट्याशिवाय. रूप पालटताना सहसा नर्तकी बदलते: एक मूळ बेन्याकाय, दुसरी सीतेच्या रूपातली. दुसरीचं काम अवघड. पोशाख सीतेचा, पण चालीत थोडी चंचलता ठेवायची. ती सीतेसारखीच शांत नाचली तर प्रेक्षकाला पुढे हनुमानाची शंका पटत नाही.

कपडे अंगावर घालून टाक्यांनी शिवतात, त्यामुळे प्रयोगात एका नर्तकाला दोन भूमिका देणं जवळजवळ अशक्य. पात्रयादी लिहितानाच हे लक्षात ठेवावं.

कुडाळ_कट्टा:

आडपडदा यांच्या मुद्द्याला एक पुरवणी. चेराचा पूर्वी लिहिलेला नसायचा. निवेदक प्रसंग पाहून जागच्या जागी यमक जुळवत बोलायचा. आपल्या सिंधुदुर्ग-गोव्याच्या दशावतारात नट उत्स्फूर्त संवाद करतात, तेच कसब इथे नटाऐवजी निवेदकाकडे होतं. आता मोठ्या प्रयोगांत सगळं लिहून घेतात कारण दिवे, पडदे, तारा सगळं शब्दांवर बांधलेलं असतं. राणी सिरिकित यांच्या प्रतिष्ठानाचे प्रयोग 2007 मध्ये ‘फ्रोम्मात’ (ब्रह्मास्त्र) पासून सुरू झाले, 2010 मध्ये ‘नांग लोय’ झाला. त्यात बेन्याकाय तारेवरून धुरात वर जाते. 2011 च्या ‘मैयराप’ (महिरावण) मध्ये छावणी तोंडात धरणारा प्रचंड हनुमान मंचावर उभा केला होता. अशा ठिकाणी निवेदकाने दोन ओळी वाढवल्या तर तार ओढणाऱ्याची पंचाईत होते.

पण जिथे तार नाही, म्हणजे देवळाच्या आवारात उघड्यावर किंवा पडद्यापुढे होणारा खोन, तिथे उत्स्फूर्त बोलण्याला जागा ठेवावी. विनोदी पात्रांना तर नक्की. ते उघड्या तोंडाने स्वतः बोलतात.

कळसूत्री:

फार उपयोगी. स्नानाचा मुद्दा तर डोक्यातच आला नव्हता. चौथा प्रश्न राहिला. भीम आणि बकासुर, किंवा घटोत्कच असा प्रसंग घेतला तर? राक्षस तर तिथेही आहेत.

आडपडदा:

बकासुर जमेल. कुरुक्षेत्र जमणार नाही, आणि कारण कथेचं नाही, भूमिकांचं आहे. खोन चार जातींवर उभा आहे: फ्रा, नांग, याक, वानर. प्रत्येकाची तालीम लहानपणापासून वेगळी. याक आणि वानर पाय आपटणं, गुडघ्यांवर थाप, मांड्या फाकवून कोन पक्का करणं यांवर वर्षं घालवतात. युद्धात राम राक्षसाच्या वाकलेल्या मांडीवर पाय देऊन वर चढतो, त्या ‘खुन लोय’ मुद्रा यावरच टिकतात. कोन कच्चा असेल तर दोघंही पडतात. पांडव आणि कौरव दोन्ही बाजूंनी फ्राच. मुखवटे नाहीत, वानरांच्या उड्या नाहीत, राक्षसाची मांडी नाही. दोन्ही सैन्यांना ‘क्राव नोक’च लावावं लागेल, म्हणजे कोणतं सैन्य आलं ते कानाला कळणार नाही. गटातले अर्धे नर्तक बसून राहतील.

खोन आज जवळजवळ पूर्णपणे रामकियनवर आहे, त्याचं एक कारण मला हेच वाटतं. रामकथेत चारही जातींना सतत काम मिळतं.

तुम्हाला रामकथेबाहेर जायचंच असेल तर उषा-अनिरुद्ध घ्या. थाई परंपरेत ती ‘उनारुत’ म्हणून आहे, राम पहिला याची काव्यसंहिता आहे, आणि लाखोन नायमध्ये ती खेळली जाते. बाणासुर तिथे क्रुंग फान. राक्षस राजा, त्याचं सैन्य, नायक, नायिका, स्वप्न, अपहरण, युद्ध, सगळं तयार. वानरांची जागा रिकामी राहते, ती गरुडाच्या प्रवेशाने थोडी भरता येईल.

बकासुराचं करायचं असेल तर एक सांभाळा. खोनमध्ये मोठ्या राक्षस राजाचा मृत्यू मंचावर दाखवणं अशुभ मानतात, थोत्साकानचा शेवट म्हणूनच टाळत आले. साधा राक्षस पडायला हरकत नाही, पण बकासुराला दरबार, सिंहासन आणि फाक मुआंग दिलंत की तो राजा झाला. मग त्याचा वध पडद्याआड न्यावा लागेल आणि शेवट भीमाच्या परतण्यावर करावा लागेल.

मात्रा_सोळा:

भीम गाडाभर अन्न घेऊन जातो आणि वाटेत स्वतःच खातो, त्या जागेला तयार नाफात आहे, ‘सेन लाओ’, खाण्यापिण्याची. ती पुरी वाजू द्या, खंड कापू नका. बकासुराच्या येण्याला ‘समे मान’ लावा, ती राक्षसांची चाल. खाणं संपायच्या आत तिची सुरुवात करू नका. ताफोनवाला दोन्हींमध्ये श्वास घ्यायला जागा मागेल आणि ती संहितेत चेराचाच्या दोनतीन ओळी घालून आधीच द्यावी.